लेकीचा पहिला राग

आमची मुलगी घरी आली तेव्हा साडेसहा वर्षांची होती, आणि पहिलं जवळजवळ वर्षभर ती एकदाही रडली नाही. हे मी तेव्हा सगळ्यांना कौतुकानं सांगत असे.

आम्ही भिंगारला राहतो. हे लष्कराच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन फिटर आहेत. राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर आहे आणि बाजारात माझं एका शटरचं शिलाईचं दुकान. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. नगरचे, पुण्याचे दवाखाने करून झाले आणि एका उन्हाळ्यात मीच म्हटलं, आता पुरे. दत्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा कळलं की तान्ह्या बाळासाठी नंबर लागायला बरीच वर्षं जातात. त्या दिवशी जेवताना हे सहज म्हणाले, "तान्हंच पाहिजे असं काही आहे का आपल्याला?" मी ताटाकडे बघत विचार केला. तसं काहीच नव्हतं. मला घरात मूल हवं होतं, ते चालत आलं तरी हरकत नव्हती.

दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेत ती आम्हाला पहिल्यांदा दिसली. बाळ असताना तिला तिथं आणलं होतं, त्याआधीचं कोणालाच काही माहीत नव्हतं. अंगात निळा फ्रॉक होता, पांढऱ्या ठिपक्यांचा. तिथं मुलांचं सगळं करणाऱ्या मावशींनी तो शिवला होता. माझी नजर आधी शिलाईवर गेली, सवयच ती. एक बाही दुसरीपेक्षा घेरदार होती आणि खालची दुमड वेडीवाकडी गेली होती. घरी आणायच्या दिवशीही तिनं तोच फ्रॉक घातला होता. येताना एसटीत तिनं एकच गोष्ट विचारली, खिडकीतून बाहेर बघितलं तर चालेल का.

तिला सगळंच चालायचं. भाजी आवडली का विचारलं, की "चालेल." दोन वेण्या घालू की एक, "चालेल." आज दुकानात बसशील की शेजारच्या काकूंकडे, तरी "चालेल." सकाळी उठली की स्वतःची गोधडी घडी करून ठेवायची. जेवण झालं की ताट धुवायची, आणि माझं तिच्या आधी संपलं तर माझंही घेऊन जायची. मला आई म्हणायला तिनं तिसऱ्या दिवशीच सुरुवात केली, पण बोलायची "आई, तुम्ही" असं. आमच्या क्वार्टरच्या रांगेतल्या बाया म्हणायच्या, काय वळण आहे पोरीला. माझ्या सासूबाई देवळाली प्रवऱ्याला दिरांकडे असतात, उसाच्या रानातल्या घरात. दिवाळीला तिकडे गेलो तेव्हा चार दिवस ती एका जागी बसून होती. सासूबाई तिच्याकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "आपल्या घरात असलं गप लेकरू कधी झालंच न्हाई." मला ते कौतुकच वाटलं. आपण चांगली आई आहोत म्हणून पोर अशी आहे, असं मी मनातल्या मनात धरून चालले होते.

मग इस्त्रीचं झालं.

जून महिना होता, शाळा सुरू व्हायच्या होत्या आणि दुकानात गणवेशांचा ढीग लागला होता. ती दुपारभर माझ्याजवळच बसलेली. शिवलेले शर्ट ती एकावर एक लावून ठेवत होती. संध्याकाळी घरी आल्यावर मी तिच्या हातात आमटीची वाटी दिली, तर तिनं ती डाव्या हातानं घेतली. उजवा हात फ्रॉकच्या खिशात होता. मी म्हटलं, हात दाखव बरं. तिनं लगेच दाखवला. तळहातावर रुपयाएवढा फोड होता आणि बोटंही लाल झाली होती.

"कधी भाजलं गं?"

"दुपारी दोनला. इस्त्रीला हात लागला."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट शाबासकीची वाट बघितल्यासारखं काहीतरी होतं. "मी रडले नाही," ती म्हणाली.

हे तिला गाडीवर बसवून डॉक्टरांकडे घेऊन गेले, मी मागे बसले. डॉक्टरांनी फोड साफ केला, मलम लावलं, पट्टी बांधली. मोठ्या माणसाच्याही डोळ्यात पाणी आलं असतं, पण ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. फार शूर आहे मुलगी, डॉक्टर म्हणाले. तोपर्यंत असं कोणी म्हटलं की मी फुलून जायची. त्या दिवशी मात्र मी तास मोजत होते. दुपारी दोन ते संध्याकाळी सात. मी हातभर अंतरावर शिलाई करत बसले होते आणि माझं मूल पाच तास भाजलेला हात खिशात घालून माझ्या शेजारी शर्ट लावत होतं.

दत्तक दिल्यानंतर संस्थेच्या एक ताई काही महिन्यांनी घरी येऊन मुलाची चौकशी करून जातात. त्यांच्या यायला अजून वेळ होता, पण मी दुसऱ्या दिवशीच फोन केला. त्या शनिवारी आल्या. माझ्याच वयाच्या असतील. आल्या आल्या जमिनीवर बसल्या आणि तासभर मुलीबरोबर चित्रं काढत बसल्या. मग हे तिला बाहेर घेऊन गेले आणि मी चहा ठेवून त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला आधी माहीत नव्हती. आमची मुलगी संस्थेत होती तेव्हा तिच्या शेजारच्या पलंगावर आठ वर्षांची एक मुलगी झोपायची. ती एका घरी दत्तक गेली आणि काही महिन्यांत परत आली. त्या घराला जमलं नाही, त्यात त्या मुलीचा काही दोष नव्हता. पण ती परत का आली असं बाकीच्या मुलांनी विचारल्यावर तिथल्या कोणीतरी सहज सांगून टाकलं, की ती फार रडायची आणि हट्ट करायची.

"तुमची मुलगी शांत नाहीये," ताई म्हणाल्या. "ती घाबरलेली आहे. रोज तुमच्या घरात परीक्षा देतेय."

मी विचारलं, मग काय करू, तिला सांगून टाकू का की आम्ही तुला कधीच पाठवणार नाही. त्या म्हणाल्या, सांगाच, पण तेवढ्यानं तिला पटणार नाही. तिच्या हातून काहीतरी वाईट होईल आणि त्यानंतरही सगळं जागच्या जागी राहील, तेव्हा तिला पटेल. तोवर तिला वाईट वागायला जागा द्या. मग त्यांनी विचारलं, तुम्ही नवरा-बायको भांडता का. मी जरा अभिमानानंच म्हटलं, तिच्यासमोर कधीच नाही. आम्हाला भांडायचं असेल तर आम्ही स्वयंपाकघराचं दार लावून हळू आवाजात भांडत होतो.

"मग तिला कसं कळणार?" त्या म्हणाल्या. "माणसं भांडतात आणि परत एका ताटावर बसतात, हे तिनं कुठं पाहिलंय?"

त्या गेल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. मला स्वतःचा राग येत होता, आणि कुठंतरी बरंही वाटत होतं. निदान काय दुखतंय ते कळलं होतं.

मी तिला शहाणी म्हणणं बंद केलं. वाटतं तितकं ते सोपं नव्हतं, जीभ आपोआप वळायची. तिनं माझं ताट उचललं की मी ते परत घ्यायची आणि म्हणायची, माझं मी धुईन, तू खेळायला जा. पडली-धडपडली तर "काही नाही झालं" असं म्हणायच्या ऐवजी "दुखलं का" असं विचारायची. ती नाही म्हणायची. मग मी म्हणायची, मला तर बघूनच दुखलं. भाजी कोणती करू असं विचारून उपयोग नव्हता, म्हणून दोडका आणि बटाटा दोन्ही तिच्यासमोर ठेवायची आणि एकावर बोट ठेव म्हणायची. पहिल्यांदा ती इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं आता रडते. ती दोडक्याकडे बघायची, मग माझ्या तोंडाकडे. मला कोणती भाजी हवी आहे ते ती शोधत होती. मी पाठ फिरवून तांदूळ निवडत बसले. शेवटी तिनं बटाट्याला एक बोट लावलं आणि पटकन मागं घेतलं.

ह्यांनी आपली वेगळीच युक्ती काढली. जेवताना हे दिवसभरातली स्वतःची एक चूक सांगायला लागले. आज बोल्ट जास्त पिळला आणि तो मोडला, साहेब ओरडले, मलाही राग आला, मग चहा प्यायला गेलो आणि परत येऊन दुसरा बसवला. रोज एक. खोटं काही सांगायचे नाहीत, आणि मला तर कळेना की हा माणूस वर्कशॉपमध्ये इतकं काय काय मोडतो. ती मात्र हातातला घास तसाच धरून ऐकायची.

मग एकदा आमचं खरोखर भांडण झालं, कोणाला शिकवायचं म्हणून नाही. शाळेत द्यायचा एक फॉर्म हे तीन दिवस खिशात घेऊन फिरले आणि शेवटची तारीख निघून गेली. मी चिडले. दार लावायचं सुचलं नाही, आवाजही चढला. ह्यांनीही चढ्या आवाजात उत्तर दिलं, की एवढं होतं तर स्वतः जाऊन द्यायचा. पाच-सात मिनिटं चांगलीच जुंपली. मग माझ्या लक्षात आलं की पोर खोलीत नाही.

ती बाहेर पायरीवर बसली होती. पायात चपला घातलेल्या. मांडीवर तिची संस्थेतून आणलेली पिशवी होती आणि तिच्यात घडी केलेले कपडे. इतक्या लवकर भरता येते म्हणजे ती भरलेलीच असणार, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मी दारातच थांबले. हे तिच्या शेजारी पायरीवर बसले आणि म्हणाले, "कुठं निघालीस?"

तिनं विचारलं, "तुम्ही सोडायला येणार ना? मला एसटी माहीत नाही."

मग त्यांनी तिला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं, एखाद्या मशीनमधला बिघाड सांगावा तसं. फॉर्म मी विसरलो. म्हणून आई चिडली, तिचं बरोबरच होतं. पण ती जोरात बोलली म्हणून मीही चिडलो. आता दोघांनाही भूक लागली आहे. आता आत जाऊन जेवायचं. जेवताना आमचे गाल थोडा वेळ फुगलेले राहतील, मग उतरतील. "कुणी कुठं जात नाही," ते म्हणाले. "ना मी, ना आई, ना तू. चल, बघ तू."

आम्ही जेवायला बसलो. गाल खरंच फुगलेले होते. ती एकदा ह्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती, तिच्या ताटातलं गार झालं. अर्ध्या जेवणात ह्यांनी चटणी मागितली आणि मी बरणी पुढं सरकवली. तिनं ती बरणी सरकताना अगदी बारकाईनं पाहिली. मग खाली मान घालून भाकरी मोडली.

पिशवी त्यानंतरही दाराआड भरलेली असायची. मी तिला हात लावला नाही.

दसऱ्याच्या आधी घर साफ करायला काढलं तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली. जुने कपडे, पडदे, चादरी असा एक ढीग मी दुकानात नेला. दुकानातल्या चिंध्यांचं पोतं दर आठवड्याला जवळच्याच एका गॅरेजमध्ये जातं, तिथं ते हात आणि इंजिन पुसायला वापरतात. त्या ढिगात तिचा तो निळा फ्रॉक होता. तो तिला केव्हाच आखूड झाला होता, काखेत फाटला होता, ठिपके तर दिसतही नव्हते. मी तो उचलला आणि पोत्यात टाकला. विचारायचं मनातही आलं नाही.

तीन-चार दिवसांनी ती शाळेतून परस्पर दुकानात आली. मी एका बाईंच्या ब्लाउजचं माप घेत होते, दुसऱ्या एक बाई स्टुलावर बसल्या होत्या, आणि माझ्या ओठांत टाचण्या होत्या. ती म्हणाली, माझा निळा फ्रॉक कपाटात नाही. मी टाचण्या काढून म्हटलं, अगं तो फाटला होता, चिंध्यांमध्ये गेला. त्याच रंगाचा नवा शिवते तुला, त्याच्यापेक्षा छान.

मी "चालेल"ची वाट बघत होते.

"नाही," ती म्हणाली.

मी वळून बघितलं. तिचा चेहरा लाल झाला होता. काउंटरवर बटणांचा पत्र्याचा डबा होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि जमिनीवर आपटला. बटणं, हूक सगळीकडे उधळले. आणि मग ती ओरडायला लागली. तू मला विचारलं नाहीस. तो माझा होता, तुझा नव्हता. मावशीनं शिवला होता. तुला काही कळत नाही. तू माझी आई नाहीस.

सगळं अंग हलवून ती रडत होती, नाक गळत होतं, श्वास लागला होता. स्टुलावरच्या बाई म्हणाल्या, आईला असं बोलतात का बाळा.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला लाज वाटली. गिऱ्हाइकांसमोर, आणि तेही ते वाक्य. ते वाक्य कधीतरी येणार हे ताईंनी सांगितलं होतं, तरी ते लागायचं तिथं लागलंच. "गप" हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण तेवढ्यात ती स्वतःच थांबली. रडणं मध्येच तुटलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि बघता बघता खाली बसून बटणं गोळा करायला लागली.

मी त्या बाईंना म्हटलं, "बोलू द्या तिला. चूक माझी आहे." आणि जमिनीवर बसून तिचा हात धरला.

"बटणं राहू दे. तू अजून चिडलेली आहेस ना?"

तिनं मान हलवली.

"मग चीड. मी विचारायला पाहिजे होतं. नाही विचारलं. माझं चुकलं. पण तू असे दहा डबे फेकलेस तरी मी तुला कुठंही पाठवणार नाही. कळलं का?"

तिनं मला दोन्ही मुठींनी मारलं, खांद्यावर, मानेवर. तिसरा की चौथा ठोसा अर्ध्यातच ढिला पडला आणि ती माझ्या अंगावर कोसळली. एवढ्या महिन्यांत मी तिला पुष्कळदा जवळ घेतलं होतं, पण दर वेळी ती ताठ राहायची, फोटोला उभं राहिल्यासारखी. आज पहिल्यांदा तिचं सगळं वजन माझ्यावर आलं. माझा पदर तिच्या नाकाडोळ्यांच्या पाण्यानं भिजून गेला आणि मला इतकं हलकं वाटलं की मी त्या बटणांमध्ये बसून तिच्याबरोबर रडले. माप द्यायला आलेल्या बाई उद्या येते म्हणून गेल्या. दुसऱ्या बाईंनी जाताना शटर अर्धं खाली ओढून दिलं. ती मला "तू" म्हणाली होती, हे माझ्या त्यानंतर लक्षात आलं. पुन्हा तिनं मला कधी "तुम्ही" म्हटलं नाही.

डोळे पुसून आम्ही दोघी गॅरेजमध्ये गेलो. वाटेत ह्यांना फोन केला. गॅरेजवाले म्हातारे गृहस्थ. आम्ही काय शोधतोय ते ऐकून म्हणाले, "लई चिंध्या असत्यात ताई, त्यात कुटं घावनार?" पण तिच्या तोंडाकडे बघितल्यावर त्यांनी कोपऱ्यातलं पोतं ओढून उलटं केलं आणि स्वतःही उकिडवे बसले. हे वर्कशॉपमधून तसेच आले. चौघं मिळून चिंध्या उपसत होतो. अर्ध्या तासानं तिलाच सापडला, म्हणजे त्याचा पुढचा अर्धा भाग, खिशासकट. मागचा भाग कुठल्यातरी इंजिनाला लागून गेला होता. खिशावर ऑइलचा मोठा डाग होता. तिनं तो तुकडा छातीशी धरला, डागासकट.

घरी येऊन मी तो तीनदा धुतला. डाग फिका झाला, पूर्ण गेला नाही. माझ्या हाताला खाज सुटली होती, त्याची उशी शिवावी, बाहुलीचा झगा करावा, नाहीतर नव्या फ्रॉकला खिसा लावावा. पण या वेळी मी विचारलं, याचं काय करायचं. ती म्हणाली, काही नाही, असाच ठेवायचा. मी कपाटातला एक कप्पा मोकळा करून दिला. तो कप्पा आम्ही उघडत नाही.

त्याच संध्याकाळी भाकऱ्या करताना ती माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, "मी ज्या आईच्या पोटात होते, तिला माझा राग आला होता का?"

तवा तापला होता, हातात भाकरी होती. मी गॅस बंद केला. या बाबतीत काही रचून सांगू नका, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, असं ताईंनी बजावलं होतं. मी म्हटलं, "ती कशी होती, तिनं तुला का ठेवलं नाही, हे मला माहीत नाही. कळलं तर तुला सांगेन. पण एक माहीत आहे. तू तेव्हा इतकी लहान होतीस, की कोणाला राग येईल असं काही करणं तुला जमलंच नसतं."

तिनं स्वतःच्या मुठी वळून बघितल्या. मग म्हणाली, "मला मुठीपण वळता येत नसतील."

"वळता येत असतील, पण मारता येत नसेल."

ती हसली. मी गॅस परत लावला. रविवारी संस्थेतल्या मावशींना फोन लावून दिला, तर त्या पलीकडून आधी खूप हसल्या. त्यांचं शिवणकाम असंच, एक बाही कायम मोठी व्हायची, असं त्या म्हणाल्या. तिनं त्यांना डबा फेकल्याचंही सांगितलं, बरंच वाढवून.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. एकदा तोंड फुटल्यावर तिला कशाकशाचा राग यायला लागला. दोन महिने रोज काहीतरी. वेणी घट्ट झाली, दूध गार आहे, शाळेत जायचं नाही, बाबांनी माझ्या आधी आंघोळ का केली. मी थकून गेले. एकदा सकाळी मी इतकी ओरडले की शेजारच्या काकू डोकावल्या, आणि मग मला तिच्यासमोर बसून सांगावं लागलं, की राग येणं ठीक होतं पण एवढं ओरडणं ठीक नव्हतं. ती म्हणाली, "गाल उतरले का तुझे?" ताईंना फोन करून मी विचारलं, हे थांबणार कधी. त्या म्हणाल्या, कमी होईल, पण तुम्हीच तर मागितलं होतं. दोघीही हसलो. संक्रांतीच्या सुमाराला बघितलं, तर दाराआडच्या पिशवीत कपडे नव्हते, तिच्यात चिंचोके भरलेले होते.

त्या वर्षी उन्हाळ्यात देवळाली प्रवऱ्याला गेलो. दुसऱ्याच दिवशी पुतणी हिच्या जागेवर, खिडकीशी, बसली म्हणून हिनं असा आरडाओरडा केला की दीर रानातून धावत आले. मला सासूबाईंची भीती वाटली. त्या ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. नातीचा सगळा तमाशा बघून झाल्यावर म्हणाल्या, "मागच्या टायमाला पावनी आल्यावानी बसली हुती. आता घरची झाली." आणि दोन्ही नातींना लसूण सोलायला बसवलं.

परवा शाळेत पालकसभा होती. ती आता तिसरीत आहे. बाईंनी आम्हाला थोडं थांबायला सांगितलं, आणि सगळे गेल्यावर तक्रार केली. वर्गात फार बोलते. शेजारच्या मुलीशी भांडते. मराठीची वही दोन आठवडे अपुरी आहे, विचारलं तर उलट उत्तर देते. हे अगदी गंभीर तोंड करून, हात मागं बांधून ऐकत होते. आम्ही लक्ष घालू, असं मी दोनदा म्हटलं.

फाटकाबाहेर आल्यावर ह्यांनी गाडीला किल्ली लावली, पण गाडी सुरू करता येईना, कारण ते हसत होते. आवाज न करता, खांदे हलवून. मग मलाही आवरेना, आणि हसताना डोळे भरून आले. आजूबाजूचे पालक बघत होते. ती समोर उभी राहून संशयानं आमच्याकडे बघत होती. तिनं विचारलं, बाईंनी काय सांगितलं. ह्यांनी सगळं सांगितलं, काही न गाळता.

"तिनं आधी माझी पेन्सिल घेतली," ती म्हणाली. "आणि वहीचं म्हणाल तर बाई फार भराभर सांगतात."

मग ती आम्हा दोघांच्या मध्ये बसली आणि घरी येईपर्यंत तिचं गाऱ्हाणं चालूच राहिलं. पेन्सिल कोणाची, कोणत्या रंगाची, ती मुलगी आधीही कशी वागली होती, आणि आम्ही बाईंसमोर तिची बाजू का घेतली नाही. हे मधूनमधून "बरं" म्हणत होते. वळणावर तिचं कोपर माझ्या बरगडीत रुतलं, ते तिनं काढलं नाही आणि मीही सांगितलं नाही.